एका घासाच्या पदार्थांसोबत वेळही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या पुरवण्यांत एका घासात संपणाऱ्या स्टार्टरच्या कृती हमखास येतात. फोटो देखणे असतात, साहित्याची यादीही बहुतेक वेळा बरोबर असते. मात्र आदल्या दिवशी काय उरकायचं आणि पाहुणे दारात आल्यावर काय करायचं, ते कुठेच छापलेलं नसतं. हे पदार्थ बिघडतात ते तिथेच.

टोस्टवर चीज, त्यावर काकडी, वरून मीठ ही नेहमीची कृती घ्या. मीठ पडलं की काकडीला पाणी सुटतं. ते खाली झिरपतं आणि वीस मिनिटांत टोस्ट चामट होतो. ब्रेडच्या कडा काढून प्रत्येक स्लाइसचे चार चौकोन करावेत, दोन्ही बाजूंना लोण्याचा पातळ हात फिरवावा आणि ओव्हनमध्ये १५० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, मध्ये एकदा उलटून, पूर्ण कोरडे होईपर्यंत भाजावेत. नुसता रंग आला म्हणून बाहेर काढू नयेत, आत ओल राहते. जाळीवर गार झाल्याशिवाय डब्यात भरले तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात. नीट गार केलेले चौकोन घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस टिकतात.

वरचा थर स्निग्ध हवा आणि तो कडेपर्यंत पोचायला हवा, कारण पाणी अडवण्याचं काम तोच करतो. साय न काढलेल्या दुधाचं अर्धा किलो दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवलं, तर साधारण २०० ते २५० ग्रॅम चक्का मिळतो. त्यात ठेचलेला लसूण, मिरपूड आणि मीठ घालावं. एका चौकोनाला एक छोटा चमचा धरला, तर एवढ्यात ३५-४० नग होतात. काकडीच्या चकत्या कापून फडक्यावर दहा मिनिटं पसराव्यात, टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाकावा. हे सगळं वेगवेगळ्या डब्यांत तयार ठेवावं आणि रचायला बसावं ते वाढण्याआधी अर्धा तास.

नगांचा हिशेबही छापला जात नाही. पुढे जेवण असेल तर माणशी पाच नग पुरतात, जेवण नसेल तर दहा-बारा. वीस माणसांना जेवणाआधी शंभर नग, म्हणजे तीन प्रकार प्रत्येकी पस्तीसच्या आसपास. सहा-सात प्रकार मांडण्याची हौस यजमानाला ओट्याशी बांधून ठेवते. गरम प्रकार एकच ठेवावा आणि तोही ओव्हनचा. तळण असलं की एक माणूस कढईपाशीच अडकतो.

भरलेली अंडी सोपी म्हणून दिली जातात, पण हमखास फसतात. अगदी ताजी अंडी सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात. आठवडाभर जुनी बरी. उकळत्या पाण्यात दहा-अकरा मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावीत. जास्त उकळली तर बलकाभोवती हिरवट कडा येते. खाण्याला अपाय नाही, पण दिसायला वाईट. सहा अंड्यांच्या बलकाला तीन मोठे चमचे मेयोनीज आणि एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट पुरते. सारण चमच्याने भरत बसू नये. जाड पिशवीत घालून कोपरा कापला की बारा अर्धुकं पाच मिनिटांत भरून होतात. प्रत्येक अर्धुकाच्या बुडाची पातळ चकती काढली नाही, तर ती ताटात घसरत फिरतात!

अंडी, मेयोनीज, चीज, चक्का यांचे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्यामुळे सगळं एकदम मांडण्यापेक्षा लहान ताटं भरावीत आणि संपेल तसं फ्रिजमधून दुसरं आणावं. अर्धं उरलेल्या ताटात नवे नग मिसळू नयेत.

आणखी दोन ओळींना जागा द्यावी. चेरी टोमॅटो किंवा द्राक्षं अख्खी असतील तर लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, ती उभी चिरूनच वापरावीत. आणि टूथपिक टोचलेले पदार्थ असतील, तर शेजारी एक रिकामी वाटी ठेवून तिच्यात एक वापरलेली काडी आधीच टाकून ठेवावी, म्हणजे बाकीच्या काड्या कुंडीत जात नाहीत.

आपला,
एक वाचक