कर्राच्या माळावरच्या दादांना

प्रिय दादा,

गोष्ट एकदाची दिवाळी अंकाकडे रवाना झाली. फोनवर आभार मानले असते, तर तुम्ही ‘असू दे ओ, त्यात काय एवढं’ म्हणून विषय मोडला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

पुण्याच्या रेसकोर्सवर रायडिंग बॉय म्हणून वाढलेला माणूस आयर्लंडमध्ये किल्डेअर परगण्यात कर्राच्या माळावर रोज पहाटे घोडे पळवतो, हे भाओजींनी सांगितलं तेव्हा मला लॉटरीच लागली. माझ्या गोष्टीतला खाजगी गुप्तहेर तिथल्याच नेस गावचा आणि काळ १९८३चा. शेरगार या शर्यतीच्या घोड्याच्या चोरीचा. मला शर्यतींतलं कळतं ते पेपरात येतं तेवढंच.

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शेरगारने १९८१ची एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली मानाची शर्यत दहा लेंथनी, म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीइतक्या फरकाने मारली. मालक आगाखान चौथे; पुण्यातला आगाखान पॅलेस त्यांच्या आजोबांनी बांधला. निवृत्तीनंतर एक कोटी पौंड किंमत ठरून घोड्याच्या मालकीचे चाळीस भाग झाले आणि तो कर्राजवळच्या बॅलीमनी स्टडवर, म्हणजे घोडपैदास केंद्रावर, पैदाशीला आला. ८ फेब्रुवारी १९८३च्या रात्री हत्यारबंद टोळीने त्याला तिथून पळवलं. वीस लाख पौंडांची खंडणी मागितली, ती कुणी दिली नाही. संशय आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेवर, शिक्षा कुणालाच नाही आणि घोडा आजतागायत सापडलेला नाही. माझ्या गुप्तहेराला कामाला लावतो तो त्या चाळिसांतला एक काल्पनिक भागीदार.

आता इतका गाजलेला घोडा लपतो कसा? यावर तुम्ही पाठवलेला तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी जपून ठेवलाय. मागे वारा घोंघावतोय, कुठला तरी घोडा फुरफुरतोय आणि तुम्ही सांगताय, ‘रंग बघू नका, भोवरे बघा. कपाळावरचा, मानेवरचा. रंग फासता येतो, भोवरा पुसता येत नाही.’ पाठोपाठ घोड्याच्या ओळखीच्या पासपोर्टातल्या चित्राचा फोटो आला: पांढरे पट्टे लाल शाईने आखलेले आणि प्रत्येक भोवऱ्यावर काळी फुली. शेरगारच्या तोंडावर पांढरा पट्टा, चारही पाय पांढरे. म्हणजे आपला पंचकल्याणीच की! असा शुभलक्षणी घोडा चोरांना काही लाभला नाही, हे आपलं माझं. पण गोष्टीतला अख्खा तिसरा भाग त्या भोवऱ्यांवर उभा आहे.

दुसरी गोष्ट तुमच्याशिवाय मला सुचलीच नसती. फेब्रुवारीच्या मध्याला पैदाशीचा हंगाम सुरू होतो, त्या दिवसांत स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, अंगात आल्यासारखा असतो. नवख्याच्या हाती तो राहत नाही. दार फोडेल, नाहीतर स्वतःला इजा करून घेईल. म्हणजे चोरांच्यात घोड्याचा माणूस हवाच. आणि असा माणूस कुठल्या ना कुठल्या तबेल्यात काम केलेला असणार!

खाजगी गुप्तहेराला ना कुणाला अटक करता येत, ना कुणाच्या घराची झडती घेता येत. पण तुम्ही म्हणालात, तेच त्याच्या पथ्यावर पडतं. गार्डांचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, गणवेश दिसला की लीद उचलणारी पोरं मुकी होतात. ‘त्याला ऑफिसात पाठवू नका. पहाटे मागच्या दाराने पाठवा, आणि येताना सगळ्यांना चहा आणू दे.’ तो चहा मी जसाच्या तसा घेतलाय.

एक विनंती मात्र मला पाळता आली नाही. घोडा जिवंत सापडू दे, असं तुम्ही दोनदा म्हणालात. खरं सांगायचं तर तसा शेवट लिहायला हात धजला नाही. रागावू नका.

अंक भाओजींकडे पाठवतोय. आणि हो, पुढच्या गोष्टीचा विषय ठरलाय: १९७४ साली इंग्लंडमधल्या कार्टमेलच्या शर्यतीत गाजलेला गे फ्यूचर घोडा, ज्याच्या पायांना साबणाचा चुरा चोळून तो घामाघूम झाल्याचं भासवलं होतं. दादा, असा साबण जवळून बघणाऱ्यालाही घामच वाटतो का हो? पहिला लॉट, म्हणजे सकाळची घोड्यांची पहिली तुकडी, पळवून आटोपली की सांगा.

तुमचा ऋणी,
रोज नवी शंका काढणारा