चाळीस तास सायकलवर

खारघर, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

600 किमीच्या बीआरएमचं ऐकल्यापासून तुम्हाला काळजी लागली आहे. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो. 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास मिळतात. एका वर्षात चारही पूर्ण केले की ‘सुपर रँदोनर’ हा किताब. बाबा, तुम्ही म्हणता तेवढा वेग लागतच नाही. चालवताना ताशी 20 राखले तरी 600 ला 30 तास होतात. उरलेल्या दहात जेवण, पंक्चर, झोप बसवायची. वेळ जातो तो थांब्यांवर. चहाला म्हणून टेकलं की अर्धा तास कुठे गेला कळत नाही.

खरा प्रश्न पोटाचा. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो; पाय एकदम रिकामे होतात. म्हणून पहिल्या तासापासून दर वीस मिनिटांनी काहीतरी तोंडात टाकायचं, तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन केळी आणि दोन छोटे खजूर. आई, डिंकाचे लाडू यासाठी नकोत. तूप पचायला वेळ लागतो, आणि पॅडल मारताना रक्त पायांकडे गेलेलं असतं, मग मळमळतं. राजगिऱ्याची चिक्की उत्तम. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं. पण नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं गरगरतं. एका बाटलीत म्हणूनच मीठ-साखर-लिंबू.

हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये रुततात. ट्यूब बदलून तार तशीच राहिली तर दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते, म्हणून आधी टायर आतून कापसाने चाचपायचा. कापसाचा धागा अडकतो तिथे तार. सोबत दोन ट्यूब, पॅच, पंप, लिव्हर, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक. टायर 32 मिमीचे, हवा ठासून न भरता. धक्के कमी बसतात आणि हाताची बोटं बधिर होत नाहीत. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखला तर वर.

रात्री मागे दोन लाल दिवे (एक बंद पडला तर दुसरा), अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हेल्मेट. पहाटे तीन ते पाच ही वेळ सर्वांत वाईट. डोळा लागतोय असं वाटलं की ढाब्याच्या खाटेवर वीस मिनिटं पडायचं, ओढून न्यायचं नाही. याबाबतीत मी कधीच हट्ट करणार नाही, हा शब्द तुम्हाला.

सराव पाम बीच रोडवर आणि खारघरच्या टेकडीवर चालू आहे. लांबचा असेल तर खोपोलीहून शिंग्रोबाच्या घाटानं. एक्स्प्रेसवेवर सायकलला मनाई आहे, तिकडे मी जात नाही.

प्रत्येक कंट्रोल, म्हणजे वाटेतला हजेरीचा थांबा, बंद होण्याच्या वेळा सोबतच्या कागदावर लिहिल्या आहेत. पोचले की मेसेज करीन. मधल्या चार-पाच तासांत काही आलं नाही तर समजा, चालवतेय. कागदावरची कंट्रोल बंद होण्याची वेळ उलटून अर्धा तास झाला, तरच फोन करा.

चिक्की पातळ लाटलेली पाठव, आई. जाड असली की चावताना दम लागतो.

तुमची,
लेक