केशरी गाजराने काय घोडं मारलंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की (म्हणजे ठाण्यात जेवढी पडते तेवढी) आपल्या पुरवणीत गाजर हलव्याची रेसिपी येतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंदा बाजूच्या चौकटीत छापलंय की लाल गाजर आपलं अस्सल देशी आणि केशरी म्हणजे हॉलंडवाल्यांनी त्यांच्या राजाला खूष करायला बनवलेलं हायब्रिड, ते टाळा. झालं, ते कात्रण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं आणि जांभळी नाक्याला एक काकू भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या, की हे इंजेक्शनवालं केशरी ऊटी गाजर नको म्हणून. तो बिचारा काय बोलणार.

अहो, देशी-परदेशी करायचंच तर दोन्ही गाजरं मूळची बाहेरचीच. रानटी गाजराचं मूळ पांढरट, बारीक आणि चिवट, ते काय कोणी आवडीने खाल्लं नसेल. कोथिंबीर, जिरं, ओवा, शेपू यांच्याच कुळातलं हे झाड, पाला बघितला तरी कळतं. त्याचं खाण्याजोगं गाजर झालं ते अफगाणिस्तान-इराणच्या बाजूला, साधारण हजार वर्षांपूर्वी, आणि तेव्हा ते होतं जांभळं नाहीतर पिवळं. तिथून अरबांबरोबर पश्चिमेला स्पेनपर्यंत गेलं, पूर्वेला आपल्याकडे आणि चीनमध्ये. लाल आणि केशरी दोन्ही रंग नंतरचे, शेतकऱ्यांनीच निवडून निवडून वाढवलेले.

राहिली राजाची गोष्ट. ती ज्याच्या नावाने सांगतात तो हॉलंडचा विल्यम ऑफ ऑरेंज मुळात राजा नव्हताच, राजपुत्र होता, १५८४ मध्ये त्याचा खून झाला. डच शेतकऱ्यांनी केशरी गाजर लोकप्रिय केलं हे खरं, पण त्याच्यासाठी केलं याला त्या काळातला कागद कोणी दाखवलेला नाही. गाजराची पुंगी आहे ती, वाजली तोवर वाजली.

आणि हायब्रिडचा रंगाशी काय संबंध? दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने लाल गाजराचंही हायब्रिड काढलंय. खरा फरक हवामानाचा. लाल जातींना गरमी सोसते, उत्तरेच्या मैदानात पेरतात, बीसुद्धा तिथेच धरतं, म्हणून ते हिवाळ्यात ढिगाने येतं आणि नंतर गायब. केशरी म्हणजे विलायती जातीला फुलावर यायला कडक थंडी लागते, त्यामुळे बी डोंगरातच, आणि नीलगिरीत हवा बारमाही गार म्हणून ते वर्षभर मिळतं. यात इंजेक्शन कुठे आलं?

डोळ्यांचं म्हणाल तर लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतं तेच, त्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवत नाही. ते बनतं बीटा कॅरोटीनपासून, लालमध्येही ते असतंच पण केशरी रंग मुख्यतः त्याचाच. म्हणजे तुम्ही जे टाळा म्हणताय तेच त्या बाबतीत सरस! अर्थात गाजर खाऊन चष्मा जात नाही, तो प्रचार दुसऱ्या महायुद्धातला. ब्रिटिशांच्या विमानात रडार होतं, ते लपवायला जॉन कनिंगहॅम नावाचा पायलट गाजरं खातो म्हणून त्याला रात्री दिसतं असं सांगितलं गेलं, आणि आपल्या आया अजून तेच सांगतात.

हलव्याला मीही लालच घेतो, रसाळ आणि गोड असतं, केशरी मला कोशिंबिरीला बरं वाटतं. पण हा चवीचा प्रश्न झाला.

आणि जुनं गाजर हवंच असेल तर उत्तरेत काळ्या गाजराची कांजी करतात, मोहरीची पूड घालून उन्हात आंबवून. जुन्या जांभळ्या गाजराच्या जवळचं तेच. पुढच्या पुरवणीत तिची रेसिपी द्या, आणि ठाण्यात काळं गाजर कुठे मिळतं तेही शोधून छापा.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे