सुटकेनंतर ताबा कुणाकडे?

संपादक महोदय,

धाड नागपुरातल्या गंगा-जमुना या वेश्यावस्तीत पडो, एखाद्या सदनिकेत पडो की मसाज पार्लरमध्ये, बातमी ‘पीडितांची सुटका’ इथे थांबते. मानवी तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांसोबत नागपुरात काम करताना आमची खात्री झाली आहे की, खरा धोका पुढच्या तीन आठवड्यांत असतो आणि बहुतेकदा तो तिला घ्यायला आलेल्या ‘नातेवाइका’कडूनच असतो.

अनैतिक व्यापार प्रतिबंधक म्हणजे ‘पीटा’ कायद्याच्या कलम 17 नुसार तिला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करतात आणि चौकशी होईपर्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवतात. चौकशीसाठीचा हा ताबा तीन आठवड्यांपलीकडे नेता येत नाही. घर मात्र बंगालमध्ये, ओडिशात नाहीतर छत्तीसगडच्या आतल्या गावात. मग तिकडच्या ठाण्याला फोन जातो, ठाण्यातून सरपंचाला, आणि ‘घर ठीक आहे, पाठवून द्या’ असा निरोप येतो. ज्या मावशीने कामाच्या नावाखाली तिला गाडीत बसवून दिले, तीच मावशी आधार कार्ड घेऊन कोर्टात उभी राहते. नाते खरे असल्यामुळे कागदात खोट सापडत नाही.

कायद्याने यावर उपाय दिला आहे. कलम 17-अ खाली पालक किंवा नवरा खरा आहे का आणि तिला सांभाळण्याच्या स्थितीत आहे का, याची चौकशी दंडाधिकारी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घेऊ शकतात. कलम 17(5) मध्ये मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्ती बोलावण्याची सोय आहे, त्यांत शक्यतो तीन स्त्रिया. ही दोन्ही कलमे नागपुरात प्रत्येक प्रकरणात वापरली जावीत, ही आमची पहिली मागणी.

गृहचौकशीला जाताना पोलिसांची गाडी दारात नेऊ नये. दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा होतो आणि घरचेच तिला नको म्हणतात. घर किती खोल्यांचे हे मोजण्यापेक्षा विचारायचे असते ते वेगळेच. तिला गावातून पहिल्यांदा कोण घेऊन गेले? घरावर कर्ज कुणाचे आहे? नागपूरला यायचे तिकीट कुणी काढले? वकील कुणी लावला? शेवटचा प्रश्न विसरू नये, कारण दलालाचा वकीलच पुष्कळदा तिच्याही वतीने अर्ज करतो. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने 2002 मध्येच याला मनाई केली आहे. गृहचौकशीला निघण्याआधी तिच्याशी एकटीशी बोलणे झालेले असावे. दुभाषी लागला तर तो त्याच अड्ड्यावरचा कुणी नसावा.

वयाचा घोळ तर नेहमीचा. दलाल आधार कार्डावर 1 जानेवारीची जन्मतारीख टाकून मुलीला अठराच्या वर नेतो. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये आधी शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. आधार कार्ड त्यात नाही. शाळेकडून जन्मतारखेचा दाखला मिळाला की बराच वाद मिटतो. मुलगी अल्पवयीन असेल तर तिला 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावेच लागते.

सज्ञान स्त्री स्वतःच्या मर्जीने त्या व्यवसायात असेल, तर मात्र ‘सुधारण्यासाठी’ तिला डांबून ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये तीन तरुणींना संरक्षणगृहातून सोडताना हे बजावले आहे. वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विसरली की बायका दार लावून घेतात, आणि मग आत कोंडलेली एखादी नवी पोर दिसायची वाटही बंद होते. नव्या मुलीची खबर बहुतेकदा त्या बायकाच देतात.

पैशाचे बघू. तस्करीतील पीडितेला विधी सेवा कायद्याच्या कलम 12 नुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. आरोपी सापडला नाही तरीही. अडचण बँकेत येते. तिच्या जुन्या खात्याला मोबाइल क्रमांक जोडलेला असतो दलालाचा, एटीएम कार्डही त्याच्याच खिशात, आणि मंजूर रक्कम त्याच्याच हाती जाते. म्हणून ती नागपूर सोडण्याआधीच नवे खाते उघडावे, स्वतःचे सिमकार्ड घेऊन तोच क्रमांक बँकेत नोंदवावा आणि आधारशी कोणता क्रमांक जोडला आहे तेही तपासावे. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करावा. खटला उभा राहीपर्यंत वर्षे जातात, तोवर ती बोलायच्या स्थितीत राहिली पाहिजे.

आपल्या वार्ताहरांना दोन विनंत्या आहेत. धाडीच्या बातमीत तिचे गाव, तालुका, वय आणि ओढणीआडच्या चेहऱ्याचा फोटो देऊ नये. गावाकडच्या लोकांना ओळखायला तेवढे पुरते. आणि धाडीनंतर तीन आठवड्यांनी ताबा कुणाला दिला, गृहचौकशी झाली का, हे संबंधितांना विचारून छापावे, तिची ओळख वगळून.

– तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्या, नागपूर