बरे होणे आणि सावरणे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मागील महिन्यात एका वाचकांनी असे लिहिले होते की, आजारपणात देवाला शरण जाणारी माणसे एक तर देवाशी सौदा करीत असतात, नाही तर स्वतःची फसवणूक करून घेत असतात. त्यांच्या नात्यातील एका व्यक्तीने कोणा प्रार्थनेने रोग घालविणाऱ्याच्या शब्दावर विसंबून औषधे बंद केली आणि पुढे फार उशीर झाला, हे वाचल्यावर त्यांच्या लिखाणातील कडवटपणा मला समजला. तरीही त्या पत्रातील निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळत नाही, आणि ते शांतपणे सांगावे एवढ्यासाठीच हे लिहीत आहे. मी मूळची वसईची, कॅथोलिक, आणि गेली चौतीस वर्षे इंदूरची रहिवासी आहे. यजमान बँकेत नोकरीला होते, मी शाळेत मराठी व इतिहास शिकवीत असे. कोणी आपला धर्म सोडून माझ्या धर्मात यावे, असा या पत्राचा हेतू नाही, हे आरंभीच नोंदविते.

औषध सोडून प्रार्थना करा, असे माझे चर्च शिकवीत नाही. चमत्कारांच्या बाबतीत तर ते इतके सावध आहे की बाहेरच्यांना त्याचे आश्चर्य वाटावे. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ साली बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला मरियामातेचे दर्शन झाले, अशी आमची श्रद्धा आहे. तेव्हापासून तेथे बरे झाल्याचे सांगणारी सुमारे सात हजार प्रकरणे नोंदविली गेली. डॉक्टरांच्या समितीने वर्षानुवर्षे कागदपत्रे तपासल्यानंतर त्यांपैकी जेमतेम सत्तरएक चर्चने चमत्कार म्हणून मान्य केली. आणि ज्या बर्नादेतच्या हातून तेथील, आजार बरे करणारा मानला जाणारा, झरा उघडला, ती स्वतः दमा आणि क्षयाने पिडलेलीच राहिली व १८७९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारली. लहानपणी आजीने ही गोष्ट सांगितली तेव्हा मला ती अन्यायाची वाटली होती. आता मला त्या गोष्टीचा आधार वाटतो, कारण जी बरी झाली नाही तिलाही आमच्या परंपरेत संत म्हटले जाते; तिच्या श्रद्धेत काही उणे होते म्हणून ती आजारी राहिली, असे म्हणण्याची हिंमत कोणी करीत नाही.

माझ्या यजमानांना २०२१ च्या अखेरीस पोटाचा त्रास सुरू झाला. शहरातील एका रुग्णालयात तपासणी झाली; मात्र तिचा अहवाल कोणीही न पाहता तेथील फायलीत सात आठवडे पडून राहिला. आम्ही विचारायला गेलो की ‘काही असते तर कळविले असते’ असे उत्तर मिळे. मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे समजले तेव्हा तो यकृतापर्यंत पोहोचला होता. सात आठवड्यांनी काय फरक पडला असता, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, आणि नेमके तेच मला रात्र रात्र झोपू देत नसे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शस्त्रक्रिया ठरली. आदल्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) फादर रुग्णालयात येऊन यजमानांना रुग्णाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा, संस्कार देणार होते. हे फोनवर ऐकताच वसईच्या माझ्या नणंदबाईंनी हंबरडाच फोडला, कारण त्यांच्या पिढीच्या मनात ‘फादर तेल लावायला आले’ याचा अर्थ माणूस चालला, असाच पक्का बसलेला आहे. त्यांचाही दोष नाही. शतकानुशतके हा संस्कार मरणाच्या दारात दिला जात असे आणि त्याला अखेरचा अभ्यंग असेच म्हणत. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) तो गंभीर आजारी माणसांचा संस्कार आहे, केवळ मरणोन्मुखांचा नव्हे, असे स्पष्ट केले आणि १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधीही त्याप्रमाणे बदलला. आता मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, दीर्घ आजारात, वार्धक्याने खचलेल्यांनाही तो घेता येतो आणि प्रकृती अधिक बिघडल्यास पुन्हाही घेता येतो. पन्नास वर्षे उलटली तरी आमच्या घराघरांत ही गोष्ट नीट पोहोचलेली नाही, याची मला खंत वाटते. कित्येक आजारी माणसे शुद्ध हरपेपर्यंत या आधारावाचून राहतात, केवळ घरचे लोक फादरांना बोलवायला घाबरतात म्हणून.

विधी साधा असतो. ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल धर्मगुरू कपाळाला आणि दोन्ही तळहातांना लावतात आणि प्रभूने या आजाऱ्याला तारावे व उभे करावे, अशी प्रार्थना करतात. फादरांनी ती हिंदीतून म्हटली, कारण इंदूरला आमची उपासना हिंदीतूनच चालते. फादरांच्या ‘प्रणाम मरिया’ या मरियामातेच्या प्रार्थनेपाठोपाठ यजमानांनी हळूच मराठीतून ‘नमो मरिया’ सुरू केले आणि फादर हात जोडून थांबून राहिले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी आपला रेडिओ बंद केला. सगळे मिळून पंधरा मिनिटे लागली असतील.

त्या तेलाने कर्करोग गेला नाही. मी जे पाहिले ते एवढेच की, तीन आठवडे जागा असलेला माणूस त्या रात्री गाढ झोपला. आणि शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला व आपल्या धाकट्या भावाला लावला. वसईच्या वाडीच्या वाटणीवरून दोघे अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. मी मध्यस्थी करून थकले होते, नणंदबाई थकल्या होत्या. भावोजी त्यानंतर चौथ्या दिवशी अवंतिका एक्सप्रेसने इंदूरला आले, येताना सुकेळ्यांचा पुडा घेऊन, आणि दोघे भाऊ रुग्णालयाच्या खाटेवर बसून लहानपणीसारखी ती वाटून खात होते. पथ्य विचारायचे भानही मला राहिले नाही. यजमान त्यानंतर चौदा महिने जगले. २०२३ च्या ईस्टरनंतर दुसऱ्या आठवड्यात ते गेले तेव्हा त्यांचा हात भावाच्या हातात होता. शरीराचा रोग हटला नाही तरी माणूस बरा होऊ शकतो, हे वाक्य पूर्वी मी प्रवचनात ऐकून सोडून दिले असते. आता ते मी कोणाला सोडू देणार नाही.

मला स्वतःला मात्र सावरायला फार काळ लागला, आणि श्रद्धा असली की शोक लवकर सरतो, असा माझा दावा नाही. कितीतरी महिने मी रविवारच्या मिस्सेला जात होते, परंतु प्रार्थना ओठांवर येत नव्हती. त्या रुग्णालयातील ज्या डॉक्टरांच्या टेबलावर तो अहवाल पडून होता, त्यांच्या घरीही असेच काही घडावे, असे मनात येई. पापनिवेदनाच्या वेळी मी हे फादरांना सांगितले. मला वाटले होते की ते क्षमेवर बोलतील. ते म्हणाले की, क्रुसावरून येशूनेही ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असा आक्रोश केला आहे, तेव्हा तुमचा आक्रोश देवाला परका नाही. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला रोज एकच ‘नमो मरिया’ त्या डॉक्टरांचे नाव मनात धरून म्हणायला सांगितले, मनापासून म्हणता आली नाही तरी. आणि झोपेची तक्रार ऐकल्यावर त्यांनीच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा आग्रह केला. मी वर्षभर औषधे घेतली. त्या गोळ्यांचा आणि त्या प्रार्थनेचा मला कधी विरोध जाणवला नाही.

त्याच सुमारास, २५ फेब्रुवारी २०२४ रोजी, मी देवास जिल्ह्यातील उदयनगरला गेले. इंदूरच्या मराठी वाचकांपैकी अनेकांना सिस्टर राणी मारिया हे नाव ठाऊक नसेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. केरळमधील पुल्लुवळी गावी १९५४ साली जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या भगिनी १९९२ मध्ये उदयनगरला आल्या आणि तेथील आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून सोडविण्यासाठी, बचतीची सवय लावण्यासाठी, सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी झटू लागल्या. ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांनी माणूस नेमून, २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, उतारूंच्या देखत त्यांचा सुऱ्याने खून करविला. त्यांच्या देहावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्याचे नाव जाहीर आहे, पण त्याने पश्चात्ताप केलेला असल्यामुळे मी ते येथे लिहीत नाही.

२००२ साली सिस्टरांची धाकटी बहीण, जी स्वतःही त्याच संघात धर्मभगिनी आहे, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्याची लवकर सुटका व्हावी म्हणून त्या कुटुंबाने स्वतः संमती दिली. २००६ मध्ये तो सुटला, केरळला त्यांच्या घरी गेला, आणि सिस्टरांच्या वृद्ध आईने त्याच्या त्याच हातांचे चुंबन घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्या सोहळ्याला मी आणि यजमान दोघेही गेलो होतो. त्या वेळी ती कथा मला फार उदात्त, आणि खरे सांगायचे तर फार लांबची वाटली होती.

२०२४ मध्ये त्यांच्या समाधीपाशी बसले असताना माझे लक्ष एकाच गोष्टीकडे गेले. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. त्या सात वर्षांत त्या घरात काय काय झाले असेल, किती रात्री त्या आईने जागून काढल्या असतील, याचा विचार प्रवचनात क्वचितच होतो. मला तर माझ्या दुःखाचे पुरते एक वर्षही झाले नव्हते. माझ्याच समाजातील काही भल्या माणसांनी ‘आता देवाची इच्छा म्हणून सोडून द्या’ असे सांगून मला जो अपराधीपणा दिला होता, तो त्या दिवशी तेथे गळून पडला. दुसरे असे की, तो मारेकरी क्षमा मिळण्यापूर्वी न्यायालयात दोषी ठरला होता आणि अनेक वर्षे तुरुंगात होता. क्षमा करणे म्हणजे झालेला अपराध झाकणे, असे त्या कुटुंबाने कधी मानले नाही. परत आल्यावर मी त्या रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला लेखी तक्रार पाठविली आणि गंभीर निदानाचा अहवाल ठराविक मुदतीत रुग्णाला कळविण्याचा नियम करावा, अशी मागणी केली. ती तक्रार मी मागे घेणार नाही. त्या डॉक्टरांसाठीची रोजची प्रार्थनाही सोडलेली नाही. अलीकडे कधी कधी ती मनापासून होते.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १९८१ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल. डिसेंबर १९८३ मध्ये ते तुरुंगात जाऊन हल्लेखोराला भेटले, आणि त्यानंतर दीडच महिन्याने, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, म्हणजे लूर्दमातेच्या सणाच्या दिवशी, त्यांनी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केले. त्यात शेवटी ते दयाळू शोमरोनीच्या दाखल्याकडे वळतात: वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसापाशी थांबणाऱ्या वाटसरूकडे. दुःख का आले याचे उत्तर मला त्या पत्रात सापडले नाही. दुःखी माणसापाशी कोणी थांबावे, हे मात्र त्यात फार स्पष्ट आहे.

माझ्यापाशी थांबणाऱ्यांत सगळे ख्रिस्ती नव्हते. आमच्या शेजारच्या काकू, इंदूरच्याच रामबागेत वाढलेल्या, पहिला महिनाभर रोज संध्याकाळी वरणभाताचा डबा घेऊन येत आणि मी जेवेपर्यंत उठत नसत. एके दिवशी त्या अहिल्याबाईंबद्दल बोलू लागल्या: १७५४ मध्ये पती, १७६७ मध्ये मुलगा, पुढे नातू आणि जावईही डोळ्यांदेखत गेलेले, १७९१ मध्ये मुलगी सती, आणि तरीही महेश्वरचा कारभार आणि देवपूजा थांबली नाही. काकूंनी त्यावरून मला काहीही शिकविले नाही, फक्त सांगितले आणि डबा घासून परत नेला. ज्याला आम्ही ख्रिस्ताची सोबत म्हणतो ती मला त्या महिन्यात बहुतेक त्यांच्याच रूपाने मिळाली, असे मी त्यांना एकदा म्हटले तेव्हा त्या संकोचून गेल्या.

आता एक विनंती. आम्ही धर्मग्रामातील सात-आठ जणी आणि या काकू, अशा दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी दुपारी शहरातील एका सरकारी रुग्णालयात आजाऱ्यांपाशी बसायला जातो. बऱ्हाणपूर, खंडवा या बाजूंनी येथे उपचारांसाठी येणाऱ्यांत मराठी बोलणारी पुष्कळ माणसे असतात. घरचा एकच माणूस सोबत असतो आणि तो औषधांच्या रांगेत उभा असतो. त्यांच्याशी कोणीतरी त्यांच्या भाषेत बोलावे, चिठ्ठी वाचून दाखवावी, तपासणीचा अहवाल आला का हे काउंटरवर जाऊन विचारून यावे, एवढेच काम असते. तेथे आम्ही कोणालाही धर्माविषयी विचारीत नाही, आणि कोणी मागितल्याशिवाय प्रार्थनाही म्हणत नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांना दुपारचे दोन तास देता येतील, त्यांच्यासाठी आपण स्थानिक कार्यक्रमांच्या सदरात दोन ओळी छापल्यास आभारी होईन. मागील महिन्यात पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकांनीही यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अहवालाच्या खिडकीपाशी त्यांच्यासारख्या आग्रही माणसाची आम्हाला गरज आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर