करारात पत्नीचे नाव घालायला सांगणाऱ्या बँक अधिकारी मॅडमना

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

आपण या महिनाअखेरीस बँकेच्या सेवेतून निवृत्त होत आहात, हे परवा शाखेत समजले. आपल्याला प्रसिद्धी आवडत नाही हे ठाऊक असल्याने आपले किंवा शाखेचे नाव येथे लिहीत नाही. तरीही हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण आपण आम्हां दोघांना जे समजावून सांगितले, ते इतर कर्जदारांच्याही उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही आपल्या टेबलासमोर येऊन बसलो, तेव्हा नाशिकला भाड्याच्या घरात राहण्याचे आमचे अकरावे वर्ष होते. मी सातपूरच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर, पत्नी घरी शिवणकाम करणारी. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडे वाढणार किंवा घर बदलावे लागणार, हे आमच्या अंगवळणी पडले होते. प्रधानमंत्री आवास योजनेतून व्याजात सवलत मिळते एवढे ऐकून होतो, परंतु गावी वडिलांच्या नावावर पक्के घर असल्याने आपल्याला ती मिळणार नाही, असे आम्ही गृहीत धरले होते. त्यातच एका मध्यस्थाने ‘सबसिडी मंजूर करून देण्याचे’ वीस हजार रुपये मागितले होते. आपण दोन्ही गोष्टी शांतपणे ऐकून घेतल्या आणि सांगितले, की या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले, त्यामुळे वडिलांच्या नावावरील घर आड येत नाही; आणि सवलतीच्या अर्जासाठी कोणालाही एक रुपयाही द्यायचा नसतो, उलट पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर बँकेनेसुद्धा प्रक्रिया शुल्क घ्यायचे नसते. त्या दिवशी आमचे वीस हजार रुपये वाचले, आणि खरे सांगायचे तर घरही वाचले, कारण ती रक्कम आम्ही बुकिंगच्या पैशातूनच देणार होतो.

त्यानंतर आपण एका जुन्या फॉर्मच्या पाठीमागे पेनाने हिशेब मांडला. तो कागद आजही आमच्या फाइलमध्ये आहे. १० लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षे मुदत, हप्ता ८,९९७ रुपये. पहिल्या वर्षात जवळजवळ १ लाख ८ हजार रुपये भरूनही मुद्दल जेमतेम १८-१९ हजारांनी कमी होते, हे आपण आकड्यांनी दाखवले तेव्हा पत्नीचा चेहरा उतरला होता. मग आपण सवलतीचे गणित लिहिले. वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर ६.५ टक्के व्याजाची सवलत. मात्र ती दरमहा मिळत नाही, तर २० वर्षांतील एकूण सवलतीचे आजचे मूल्य ९ टक्के वटावाने (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढण्याच्या दराने) काढून ती रक्कम एकदाच थेट मुद्दलातून वजा होते. ती रक्कम होती सुमारे २ लाख ६७ हजार. एवढे मुद्दल नुसत्या हप्त्यांतून फेडायला आम्हांला जवळपास साडेनऊ वर्षे लागली असती, हे वाक्य आपण मुद्दाम दोनदा म्हणालात. शासनाच्या योजनेची जाहिरात मी अनेकदा पाहिली होती, पण शासनाचा पैसा कर्जदाराच्या खात्यात नेमके काय काम करतो, हे मला त्या कागदावर प्रथमच कळले.

बिल्डरच्या पत्रकातील ६९० चौरस फूट हा आकडा पाहून आमची सदनिका योजनेतील ६० चौरस मीटरच्या मर्यादेबाहेर जाते की काय, अशी शंका होती; मर्यादा चटई क्षेत्राला, म्हणजे घराच्या आतील वापराच्या जागेला आहे आणि करारात ते ४२ चौरस मीटरच आहे हे दाखवून ती आपण लगेच दूर केली. करारनाम्याचा मसुदा मात्र आपण परत केला. त्यात खरेदीदार म्हणून एकट्याचे माझे नाव होते. घरावर स्त्रीची मालकी किंवा सहमालकी असल्याशिवाय आमच्या उत्पन्नगटाला सवलत मिळणार नव्हती, हे नियमाचे कारण आपण सांगितलेच. परंतु त्याआधी आपण माझ्या पत्नीकडे वळून विचारले होते, “तुमचे नाव यात का नाही?” त्यावर तिला उत्तर देता आले नाही, आणि मलाही. आमच्या घरात याआधी कोणत्याही स्त्रीच्या नावावर जमिनीचा तुकडासुद्धा नव्हता. नियम नसता तर मला ते सुचलेही नसते, हे मी आज मनापासून मान्य करतो. इंडेक्स टूवर, म्हणजे करारनाम्याच्या सरकारी नोंदणीच्या उताऱ्यावर, तिचे नाव पाहताना तिने ती प्रत कितीतरी वेळ हातात धरून ठेवली होती.

अनुदानाची रक्कम पाच महिन्यांनी जमा झाली आणि हप्ता ६,६०० रुपयांच्या आसपास आला. त्याची खरी किंमत २०२० मध्ये कळली. कारखाना बंद होता, पगार निम्म्यावर आला होता, रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने आणि नंतर ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली होती. मी फोन केला तेव्हा आपण म्हणालात, की लांबलेल्या महिन्यांचे व्याज माफ होत नाही, ते मुद्दलात जोडले जाते; जमत असेल तर भरत राहा. जुना हप्ता असता तर आम्हांला ते जमले नसते.

त्याच काळात आमच्या जुन्या चाळीतील चार-पाच भाडेकरू कुटुंबे खोल्या रिकाम्या करून गावी गेली. स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना केंद्राने त्या वर्षी आणली, ती योग्यच होती. पण मालकीच्या घरांना जे पाठबळ मिळाले त्याच्या मानाने भाड्याच्या घरांकडे फार उशिरा लक्ष गेले, असे मला वाटते. ज्याच्याकडे सुरुवातीची रक्कमच नाही, त्याला व्याजाची सवलत काय उपयोगाची?

आमच्या गटाची व्याजसवलत ३१ मार्च २०२२ रोजी थांबली, आणि योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. मधल्या काळात घर घेणारे माझे दोन सहकारी रिकाम्या हाती राहिले. आता ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी, पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के सवलत आहे; ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. माझ्या शेजारच्या मशीनवरील मुलगा गेल्या महिन्यात याबद्दल विचारायला घरी आला होता. मी आपला तो कागद काढला, आपण लिहिलेल्या क्रमानेच त्याला हिशेब मांडून दाखवला आणि कागदाची झेरॉक्स दिली. पत्नीने स्वयंपाकघरातूनच त्याला विचारले, की करारात बायकोचे नाव घातले आहेस ना.

निवृत्तीनंतर एखाद्या रविवारी आपण आमच्याकडे जेवायला यावे, ही दोघांची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
सातपूरचा एक कर्जदार आणि त्याची सहमालक पत्नी