'फोर्स-विथ-लीज'चा राखणदार कधी झोपतो

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावरील लेखात 'रिबेसनंतर --फोर्सऐवजी --फोर्स-विथ-लीज वापरा, सहकाऱ्याचे काम पुसले जाणार नाही' असे छापले आहे. रिबेस म्हणजे आपले बदल नव्या पायावर पुन्हा रचणे; त्यानंतर ते सर्व्हरवर चढवायला (पुश) जबरदस्ती, म्हणजे --फोर्स लागतो. सल्ला अर्धाच आहे. फर्मागुडीचे अभियांत्रिकीचे विद्यार्थीही आपला लेख वाचून हेच टाइप करणार, म्हणून हा खुलासा.

गोव्यात 'लीज' म्हटले की खाणी आठवतात आणि गफलत तिथूनच सुरू होते. इथे सर्व्हर कोणालाही ब्रँच (कामाची शाखा) मुदतीने राखून देत नाही. गिट पाहते ते एवढेच, की सर्व्हरवरची ब्रँच ज्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) आहे, तोच कमिट आपल्या मशीनवरच्या 'ओरिजिन/फीचर' या नोंदीत (सर्व्हरवरची 'फीचर' ब्रँच शेवटची कुठे दिसली ते) आहे का. जुळले तर पुश होतो, नाहीतर 'स्टेल इन्फो' म्हणून नाकारला जातो.

पण ही नोंद कोणताही फेच (सर्व्हरवरून ताजी माहिती आणणे) बदलतो. समजा ती 'अ' या कमिटवर आहे आणि सहकाऱ्याने 'ब' पुश केला. तुम्ही रिबेसमध्ये गुंतलेले असताना एडिटरने परस्पर फेच केला (व्हीएस कोडमध्ये ऑटोफेच चालू केल्यास तो मुळात दर १८० सेकंदांनी होतो), की नोंद 'ब'वर सरकली. तुम्ही 'ब' पाहिलेलाही नाही, तरी गिटच्या लेखी सगळे जुळते. पुश बिनबोभाट होतो आणि 'ब' ब्रँचवरून गायब. गिटच्या मॅन पेजमध्ये (मदतीच्या पानात) हा इशारा आहे, पण बरेच परिच्छेद उलटल्यावर. तिथवर वाचतो कोण?

डिसेंबर २०२० च्या २.३० आवृत्तीपासून जोडीला --फोर्स-इफ-इन्क्लूड्स हा पर्याय आहे. सर्व्हरवरून आलेला शेवटचा कमिट आपल्या ब्रँचमध्ये कधी सामावला होता का, हे तो रिफ्लॉगमध्ये (ब्रँच कधी कुठे सरकली याच्या आपल्या मशीनवरच्या रोजनिशीत) शोधतो. एकटा लिहिला तर तो काहीच करत नाही. शिवाय 'ब' पुल करून (आणून आपल्या ब्रँचमध्ये मिसळून) मग रिबेसमध्ये स्वतःच गाळला, तर तो अडवणार नाही. रोज लिहायचा कंटाळा असेल तर कॉन्फिगमध्ये 'पुश.यूजफोर्सइफइन्क्लूड्स' ट्रू करावे.

त्याहून पक्का मार्ग: रिबेसच्या आधी 'गिट रेव्ह-पार्स ओरिजिन/फीचर'ने हॅश (कमिटची ओळख-खूण) टिपून ठेवायचा आणि पुश करताना '--फोर्स-विथ-लीज=फीचर:' याला लागून तो लिहायचा. मग मधे कितीही फेच होवोत. कोलननंतर हॅश विसरू मात्र नये, रिकाम्या जागेचा अर्थ 'सर्व्हरवर ही ब्रँच नसलीच पाहिजे' असा होतो.

आणि 'ब' गेलाच असेल, तर ज्या फेचने घात केला त्यानेच तो तुमच्या मशीनवर आणून ठेवलेला असतो. 'गिट रिफ्लॉग शो ओरिजिन/फीचर' चालवा. कुठल्याच ब्रँचवर न उरलेल्या कमिटची नोंद मूळ सेटिंगनुसार ३० दिवस टिकते.

– एक वाचक, फोंडा